एरंडेलावर उडणारी विमाने

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. आमच्या घरी एका वर्षी फुटक्या आकाशकंदिलाच्या सांगाड्याखालून बिस्किटांचा एक गंजका डबा निघाला. झाकण उघडताच एक वास आला, आणि मी सत्तरी ओलांडलेला माणूस एकदम तेरा वर्षांचा झालो. जुन्या, आटलेल्या एरंडेलाचा तो वास होता. फडक्यात गुंडाळलेले एक इंजिन डब्यात होते. मूठ मिटली तर आत मावेल एवढे; पुढे लाकडी पंखा, बाजूला एक बारीक सुई. माझ्या थोरल्या भावाचे, दादाचे, खेळण्यातल्या विमानाचे इंजिन.

पंखा फिरवून पाहिला. नुसता पंखाच सैलपणे फिरला. आतला दट्ट्या जागचा हलेना. ते मला अपेक्षितच होते. कारण ते इंजिन मी मोडले होते. १९६७ च्या उन्हाळ्यात, दादा घरी नसताना. आणि ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. ती कशी घडली ते ओघात येईलच. पण आधी त्या चिमुकल्या यंत्राचे घराणे सांगायला हवे, कारण ते मोठे खानदानी घराणे आहे.

लहान विमानाला खरे इंजिन बसवण्याची हौस विमानाइतकीच जुनी. १९१४ साली इंग्लंडात डेव्हिड स्टँगर यांचे पेट्रोलवर चालणारे छोटे विमान ५१ सेकंद हवेत राहिले, आणि तो विक्रम १९३२ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. दरम्यानच्या काळात माणसाने विमानातून अटलांटिक महासागर ओलांडला, पण पोरांची विमाने पिळलेल्या रबरी दोरीवरच उडत राहिली. अडचण इंजिनाची होती. लहान इंजिन बांधता येई. पण ते हलके असावे, एका झटक्यात सुरू व्हावे आणि खिशाला परवडावे, हे तिन्ही एकत्र जमत नसे.

ते जमवले फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउन नावाच्या तरुणाने. त्याचे सुमारे १० सी.सी. चे इंजिन घेऊन त्याचा मित्र मॅक्सवेल बॅसेट १९३३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि रबरी दोरीच्या विमानांना त्याने मागे टाकले. पुढे इंजिनाच्या विमानांसाठी स्पर्धेत निराळा वर्गच करावा लागला. 'ब्राउन ज्युनिअर' हे इंजिन हजारो घरांत गेले.

पण ह्या इंजिनाला एक मोठे लचांड होते. मोटारीच्या इंजिनाप्रमाणेच त्यालाही ठिणगी लागे. ठिणगीसाठी प्लग, प्लगसाठी कॉइल, कॉइलसाठी बॅटरी, शिवाय कंडेन्सर आणि ठिणगी नेमक्या वेळी पडावी म्हणून उघडझाप करणारे 'पॉइंट'. हा सगळा संसार विमानाच्या पोटात भरायचा. त्याचे वजन इंजिनाइतके, कधी त्याहूनही जास्त भरे. नवरदेवापेक्षा वऱ्हाड जड, अशातली गत! त्यातली एक तार निसटली की संपले. आणि तार निसटणे हे तर रोजचेच. म्हणून इंजिन जितके लहान करावे तितका हा संसार डोईजड होई.

आता थोडे मागे जाऊ. १८१७ च्या सुमारास लंडनमध्ये सर हम्फ्री डेव्ही खाणकामगारांच्या सुरक्षित दिव्यावर काम करीत होते. प्लॅटिनमची तापलेली तार ज्वालाग्राही वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरली, तर ज्योत नसतानाही ती तार लाल तापलेलीच राहते, असे त्यांच्या ध्यानात आले. वायू संपेपर्यंत ती विझत नाही. तार स्वतः जळत नाही, झिजत नाही. तिच्या पृष्ठभागावर मात्र वायू आणि प्राणवायू यांचा संयोग होत राहतो आणि त्या उष्णतेने ती तापलेली राहते. स्पिरिटच्या दिव्याच्या वातीवर प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे ठेवून बिनज्योतीचा दिवाही त्या काळी लोकांनी करून पाहिला. पुढे १८२३ साली जर्मनीत डोबरायनर यांनी प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडून पेटणारा दिवा केला. तो तर घरोघरी आगपेटीसारखा वापरात होता.

स्पिरिट, प्लॅटिनमचे वेटोळे आणि न विझणारी धग. बिनठिणगीच्या इंजिनाला लागणारे सगळे साहित्य डेव्हींच्या टेबलावर तयार होते! त्यातून इंजिन चालवायला मात्र १३० वर्षे जावी लागली.

हे काम केले अमेरिकेतील रे आर्डेन यांनी. हा माणूस लहान इंजिनांच्या मागे आयुष्यभर लागलेला. १९४७ च्या अखेरीस त्यांनी आपला 'ग्लो-प्लग' बाजारात आणला. दिसायला तो साध्या प्लगसारखाच; फक्त ठिणगीच्या फटीच्या जागी आत प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचे इवलेसे वेटोळे. इंधन पेट्रोलऐवजी मेथॅनॉल, म्हणजे लाकडापासून निघे म्हणून ज्याला 'वुड स्पिरिट' म्हणत ते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या बॅटरीची तार प्लगला लावायची; वेटोळे उदबत्तीच्या टोकासारखे लाल होते. पंख्याला झटका दिला की दट्ट्या वर येतो, मिश्रण दाबले जाऊन तापते, आणि लाल वेटोळ्यावर पेट घेते. दट्ट्या खाली जातो, धूर बाहेर, नवे मिश्रण आत, की पुन्हा वर. एकदा इंजिनाने सूर धरला की बॅटरी काढून घ्यायची. मागच्या स्फोटाची ऊब, दाबाची उष्णता आणि प्लॅटिनमवरचा तो डेव्हींचा संयोग एवढ्यावर वेटोळे तापलेले राहते आणि विमान उडून जाते. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, बॅटरी, सारे वऱ्हाड जमिनीवर राहते.

दोनचार वर्षांत ठिणगीची इंजिने ह्या छंदातून जवळजवळ नाहीशी झाली. जुन्या इंजिनांचे मालक पॉइंट काढून टाकून नवा प्लग बसवू लागले, कारण आर्डेन यांनी प्लगचा आटा जुन्या ठिणगीच्या लहान प्लगांचाच ठेवला होता: व्यास पाव इंच, आणि इंचाला ३२ आटे. हा आटा पुढेही बहुतेक सर्वांनी पाळला. ही बारीकशी गोष्ट ध्यानात असू द्यावी. तिच्याशी आपले काम आहे.

आता एरंडेल. लहानपणी नाक दाबून पाजलेले हे तेल आपण कोणीच विसरलेलो नाही. पण विमानाशी त्याचे नाते आपल्या पोटाइतकेच जवळचे. पहिल्या महायुद्धातल्या पुष्कळ विमानांना फिरत्या सिलिंडरांची इंजिने असत, आणि त्यांचे वंगण म्हणजे एरंडेल. ते धुराबरोबर तोंडावर उडे आणि वैमानिकांच्या पोटात जाऊन व्हायचा तो परिणाम करी, असे गमतीने सांगतात. छोट्या इंजिनात वंगणासाठी निराळी सोय नसते. तेल इंधनातच मिसळावे लागते. पेट्रोलमध्ये एरंडेल नीट विरघळत नाही, मेथॅनॉलमध्ये मात्र साखरेसारखे विरते. शिवाय इतर तेले जिथे जळून जातात तिथेही ते धातूला चिकटून राहते. म्हणून जुन्या इंजिनांचे साधे इंधन म्हणजे पाचांत चार भाग मेथॅनॉल आणि एक भाग एरंडेल. अंगात जोर हवा असेल तर थोडे नायट्रोमिथेन.

पण ह्या गुणी तेलाला एक खोड आहे. इंजिन पुसून न ठेवता तसेच टाकले, तर आत उरलेले एरंडेल हवेने आणि उष्णतेने घट्ट होत जाते. आधी मधासारखे, मग डिंकासारखे, शेवटी लाकडावरच्या रोगणासारखे. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात केसाइतकीही फट नसते. तिथे हे रोगण बसले की इंजिन जाम.

ग्लो-प्लगने इंजिने लहान केली तशी स्वस्तही केली. कॅलिफोर्नियात लिरॉय कॉक्स हे खेळण्यातल्या लाकडी बंदुका करणारे कारखानदार १९५० नंतर इंजिनांकडे वळले. १९५६ साली निघालेले त्यांचे 'बेब बी' हे जेमतेम ०.८ सी.सी. चे इंजिन मागेच टाकी घेऊन येई. १९६१ मध्ये तर त्यांनी ०.१६ सी.सी. चे इंजिन काढले. ते मिनिटाला २५,००० हून अधिक फेरे घेई. रंगीत खोक्यात तयार विमान, नाकावर इंजिन, नाताळची भेट म्हणून अमेरिकेतल्या पोरांच्या हाती पडू लागले. दोन बारीक तारांच्या टोकाला विमान, तारांची मूठ पोराच्या हातात, आणि पोर मधोमध उभे राहून स्वतःभोवती गरगर फिरते आहे, हे दृश्य तिकडच्या मैदानांवर नित्याचे झाले.

पूर्वेकडे जपानात ओसाका येथे शिगेओ ओगावा यांनी १९३६ सालीच इंजिने करायला घेतली होती. त्यांच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून झाले 'ओ. एस.'. युद्धानंतर ही जपानी इंजिने जगभर गेली. त्यांतलेच एक, अडीच सी.सी. चे, आमच्या घरी आले. आमचे मामा बोटीवर होते. १९६५ साली त्यांची बोट कोबेला लागली होती. तिथून त्यांनी भाच्यासाठी ते आणले.

भाचा म्हणजे दादा. तो तेव्हा कॉलेजात होता आणि एन. सी. सी. च्या हवाई विभागात. हा विभाग १९५० साली सुरू झाला, आणि छोटी विमाने बांधणे व उडवणे हा त्याच्या शिक्षणाचाच भाग. तिथे डिझेल जातीची इंजिने असत. त्यांना प्लगही लागत नाही, पण ईथरच्या वासाने डोके धरते. दादाचे जपानी इंजिन पाहायला कॅडेट सायकली मारीत आमच्या घरी येत. मेथॅनॉल मिळवणे ही मात्र मोठी यातायात होती. दारूबंदीच्या त्या काळात 'स्पिरिट' असे नाव काढले की दुकानदार डोळे वटारी. दादा कुठून तरी एक बाटली पैदा करी आणि एरंडेल आईच्या फडताळातून उचली.

रविवारी माळावर विमान उडे. मी पाठीमागे विमान धरून बसायचो. दादा मूठ हातात घेऊन 'सोड' म्हणाला की सोडायचे. तोंडावर एरंडेलाचे तुषार उडत. त्या दोन वर्षांत जगात माझ्याइतके महत्त्वाचे काम कोणाकडे नव्हते.

मग १९६७ उजाडले. आमचे वडील आजारी पडले आणि दादाचे रविवार बंद झाले. उन्हाळ्याच्या सुटीत एका दुपारी मी गुपचूप इंजिन काढले. पंखा हलेना. मी पक्कड घेतली, पंख्याच्या पुढची चाकी धरली आणि सारा जोर लावला. 'कट्' असा आवाज झाला. पंखा सैल फिरू लागला, पण आतला दट्ट्या होता तिथेच! दांडा तुटला, अशी माझी खात्री झाली. चाकी तशीच बसवली, इंजिन फडक्यात गुंडाळले आणि तोंड बंद ठेवले. दादाने काही दिवसांनी ते उघडले. बराच वेळ हातात धरून बसला होता. मी दाराआडून पाहत होतो. मग त्याने ते बिस्किटांच्या डब्यात ठेवले आणि डबा माळ्यावर गेला. पुढच्या महिन्यात त्याला नोकरी लागली. विमान पुन्हा उडाले नाही. ते माझ्यामुळे, असे मी आयुष्यभर धरून चाललो.

असो. डबा खाली आल्यावर मी ह्या छंदातल्या एका जाणत्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी पाहिल्याबरोबर एकच सांगितले, "जोर लावू नका. अशी इंजिने अडकून मरत नाहीत, सोडवणाऱ्याच्या हातून मरतात."

त्यांच्या सांगण्यावरून इंजिन आधी तीन दिवस स्पिरिटमध्ये बुडवून ठेवले. उपयोग झाला नाही. मग मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट एका जुन्या पातेल्यात ओतले आणि अंगणात विजेच्या शेगडीवर मंद आचेवर, न उकळता, रात्रभर इंजिन त्यात ठेवले. हा द्रव विषारी असतो. बायकोने पातेल्याला घराचा दरवाजा कायमचा बंद केला, आणि ते योग्यच झाले. सकाळी पाण्याचा रंग काळसर तपकिरी झाला होता. इंजिन गरम असतानाच चिमट्याने उचलून जाड फडक्यात धरले आणि पंखा बोटाने हलकेच दाबला. तो गव्हाच्या दाण्याएवढा सरकला. पुन्हा बुडवले, पुन्हा दाबले. दुपारपर्यंत दट्ट्या वरखाली होऊ लागला.

दट्ट्या! म्हणजे दांडा शाबूत होता. मी पंखा उतरवून पाहिला. दांडा सरळ, आटे स्वच्छ. त्या दुपारी तुटले काहीच नव्हते. घट्ट बसलेली चाकी तेवढी सुटली होती. आत इंजिन आधीच एरंडेलाने धरलेले, म्हणून पंखा मोकळा झाला तरी दट्ट्या हलला नाही. चाकीवर मात्र पकडीच्या दातांचे ओरखडे तसेच होते.

सिलिंडर उघडला तर आत पिवळ्या रोगणाखाली लोखंड आरशासारखे. इतक्या वर्षांच्या पावसाळ्यांत गंजाचा एक ठिपका नाही. ज्याने इंजिन अडकवले त्यानेच ते राखले होते. जाणते गृहस्थ म्हणाले, "मेथॅनॉल ओल ओढून घेते, त्याने नुसते ठेवलेले इंजिन गंजते. तुमच्या आईचे एरंडेल चांगले होते म्हणायचे."

प्लगची तार तेवढी तुटली होती. नवा प्लग आणला आणि तो आपल्या आट्यावर सहज बसला: पाव इंच, इंचाला ३२. आर्डेन यांनी १९४७ साली जो आटा धरला, त्याच्या पुण्याईने इतक्या वर्षांनीही जुन्या इंजिनाला नवा प्लग मिळतो. बाकी त्या दुनियेतले पुष्कळसे आता उरलेले नाही. कॉक्स यांचा उद्योग १९९६ मध्ये दुसऱ्यांच्या हाती गेला, आणि २००० नंतर हलक्या बॅटऱ्या व विजेच्या मोटारी आल्या. बहुतेक छोटी विमाने त्यांवरच उडू लागली. त्यांना आवाज नाही, धूर नाही आणि तोंडावर एरंडेलही नाही.

नरकचतुर्दशीच्या सकाळी फराळ झाल्यावर दादाला रिक्षात घालून माळावर नेले. तो आता ऐंशीच्या घरात आहे. कशासाठी नेतो ते सांगितले नव्हते. जाणत्या गृहस्थांनी इंजिन एका फळीवर घट्ट बसवून ठेवले होते. दादाने ते पाहिले आणि काठी माझ्या हातात दिली.

"बोट नको घालूस," एवढेच म्हणाला. "दांडकं घे."

सुई अडीच फेरे उघडली. हवेच्या तोंडावर बोट धरून पंखा दोनदा फिरवला, नळीतून इंधन वर सरकताना दिसले. बॅटरी लावली. लाकडी दांडक्याने पंख्याला झटका दिला. काही नाही. दुसरा, पाचवा, दहावा. दादा वाकून ऐकत होता. "ओलं झालंय रे," तो म्हणाला. "सुई बंद कर, चार झटके दे, मग उघड." तसे केले. चौथ्या झटक्याला 'फट्' झाले, पांढरा धूर आला, आणि सुई उघडताच इंजिन घोगऱ्या आवाजात बोलू लागले. दादाने माझा हात बाजूला सारला आणि सुई स्वतः चिमटीत धरून बारीक बारीक आवळीत नेली. आवाज घोगऱ्याचा स्वच्छ झाला, मग चढत चढत एकाच लांब सुरावर स्थिरावला. मी बॅटरी काढली. सूर तसाच राहिला. एरंडेलाचा धूर आमच्या नव्या कपड्यांवर बसत होता.

टाकी संपून इंजिन थांबले तेव्हा मी दादाला सारे सांगितले. ती दुपार, पक्कड, दाराआड उभे राहणे.

"मला ठाऊक होतं," दादा म्हणाला. "चाकीवर दात उमटले होते की."

"मग बोलला का नाहीस?"

"तू मोडलं नव्हतंस. एरंडेल आटलं होतं नुसतं. गरम पाण्यात धरून ठेवलं असतं तर तेव्हाच सुटलं असतं."

"मग सोडवलं का नाहीस?"

त्याने रुमालाने हात पुसले. "बाटलीभर इंधनाला पैसे पडायचे, त्यात घरात आठवड्याचं दूध येत होतं. चालू इंजिन घरात असतं तर मी उडवायला गेलो असतो. अडकलेलं होतं ते बरं होतं." थोडे थांबून तो म्हणाला, "तू एवढी वर्षं त्याचं ओझं बाळगशील असं नाही वाटलं रे. विचारायचं होतंस."

घरी परतताना रिक्षात इंजिन त्याच्या मांडीवर होते. वहिनींनी दारातच कपड्यांवरचे डाग पाहिले आणि कपाळाला हात लावला. दादाने आत जाऊन पहिली गोष्ट केली ती ही, की इंजिन स्पिरिटने धुतले, पुसले, प्लग काढून आत शिलाई यंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडले आणि पंखा सावकाश दहा वेळा फिरवला. मग मला हाक मारून म्हणाला, "ठेवायचं असेल तर असं ठेवायचं. आता माळ्यावर नको टाकूस."

ते आता दिवाणखान्यातल्या फडताळात असते. येणारी जाणारी मुले विचारून हात लावतात आणि पंखा फिरवून पाहतात. तो सहज फिरतो.